एक खिडकी, ब्याण्णव वेळा

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीट जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर १८५७ पासून एक पाच मजली इमारत उभी आहे. वरच्या चार मजल्यांपैकी प्रत्येकावर ब्रॉडवेच्या अंगाला पाच आणि ब्रूमच्या अंगाला अठरा खिडक्या. म्हणजे मजल्याला तेवीस, एकूण ब्याण्णव. या ब्याण्णव खिडक्यांची रचना एकच आहे. दोन बाजूंना कोरिंथियन धाटणीचे, म्हणजे माथ्याशी पानांची नक्षी असलेले मोठे स्तंभ, त्यांच्या आत लगटून दोन सडपातळ स्तंभ, त्या सडपातळ स्तंभांवर पेललेली कमान, कमानीच्या दोन्ही खांद्यांवर नक्षी आणि पायाशी कठडा. वास्तुकार जॉन गेनर यांनी ही एक चौकट नीट बसवली आणि मग तीच लावत गेले.

इमारतीचं नाव हाउआउट बिल्डिंग. झुंबरं, चिनी मातीची भांडी, काचसामान आणि चांदीची भांडी विकणाऱ्या पेढीची ही इमारत. लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना व्हाइट हाउससाठी जांभळ्या काठाचा भांड्यांचा संच गेला, तो याच पेढीतून. खिडकीची कल्पना व्हेनिसची. सोळाव्या शतकात वास्तुकार सान्सोविनो यांनी बांधलेल्या सान मार्कोच्या ग्रंथालयावरून ती घेतली आहे. व्हेनिसमध्ये प्रत्येक स्तंभशीर्ष पाथरवटाने छिन्नीने कोरून काढलं होतं. ब्रॉडवेवर ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे, साच्यातून आलेलं.

ओतीव नक्षी ही खोटी नक्षी, असं त्या काळी बऱ्याच जाणत्यांचं मत होतं. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन तर याबाबत फार कडक बोलत. त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. चेंबर्स स्ट्रीटवरची केरी बिल्डिंग त्याच सुमाराची. तिथे बिडाचे पत्रे असे ओतले आहेत की लांबून घडीव दगडांचे थर वाटावेत, सांध्यांच्या खोबणीसकट. रंगातही वाळू टाकायची चाल होती, म्हणजे हात लावला तरी खरखरीत लागावं. ही नक्कल आहेच. पण गेनर यांनी एकच खिडकी ब्याण्णव वेळा न लपवता मांडली, आणि साच्याच्या कामाचा स्वभावच तो आहे. दगडात केलेली पुनरावृत्ती म्हणजे तेवढी अधिक मजुरी. ओतकामात महाग असतो तो पहिला नग. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, एकदा घडला की पुढच्या प्रत्येक नगाला माती, बीड आणि दिवसाची मजुरी लागते, बस्स. हे ज्याला कळलं त्याने कागदावर वेगळी इमारत काढली, एवढंच म्हणायचं आहे.

बीड डॅनियल बॅजर यांच्या आर्किटेक्चरल आयर्न वर्क्समधून आलं. बॅजर बॉस्टनहून आलेले. दुकानांचे लोखंडी दर्शनी भाग आणि गुंडाळले जाणारे लोखंडी शटर विकता विकता ते अख्ख्या इमारतींचे दर्शनी भाग ओतू लागले. १८६५ मध्ये त्यांनी काढलेल्या सचित्र सूचिपत्रात हाउआउटचं चित्रही आहे. गिऱ्हाइकाने पान उलटावं आणि हा स्तंभ, ती कमान, अमुक कॉर्निस (माथ्याची पुढे आलेली नक्षीदार पट्टी) असं निवडावं. काही मालकांनी वास्तुकार न नेमता थेट कारखान्याकडूनच दर्शनी भाग घेतले. त्यामुळे या इमारतींच्या बाबतीत ‘कुणी बांधली’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर क्वचितच पुरतं. प्रमाणं गेनर यांची, पण त्यांच्या रेषेला मातीत उतरवणारे पॅटर्नमेकर आणि मोल्डर यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

काम चालायचं ते असं. वास्तुकाराच्या नकाशावरून कारखान्यात पूर्ण मापाची रेखाटनं होत. त्यावरून सुतार लाकडाचे पॅटर्न करत. इथे पहिली मेख. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते, मुळात तेवढी वाढवलेली. बारा फुटांच्या स्तंभात हा फरक दीड इंचाचा होतो. तो विसरला तर वरच्या मजल्याचं एकही भोक खालच्याशी जुळणार नाही. पॅटर्नला बाजूंनी किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर मातीतून काढताना साच्याच्या कडा ढासळतात. जिथे आतून पोकळी हवी तिथे भाजलेल्या मातीचा कोअर बसवायचा. मग दोन पेट्यांमध्ये ओलसर माती ठासून पॅटर्नचा ठसा घ्यायचा, पॅटर्न काढायचा, कोअर ठेवायचा, पेट्या मिटवायच्या आणि क्यूपोला भट्टीतलं बीड ओतायचं. बीड साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. लोखंडाच्या मानाने हे बरंच कमी आणि रस चांगला पातळ, म्हणून पानाची शीरसुद्धा उठते. आज कोल्हापूरच्या फाउंड्रीत उभं राहिलं तर पॅटर्न, कोअर, मोल्डिंग, क्यूपोला हेच शब्द कानावर पडतील.

कोरिंथियन स्तंभशीर्ष मात्र एका ओतात येत नाही. बाहेर वळलेली पानं एकसंध ओतायला गेलं तर पॅटर्न मातीतून सुटणारच नाही. म्हणून मधली घंटा, म्हणजे घंटेच्या आकाराचा गाभा, वेगळी, प्रत्येक पान वेगळं, आणि पानं घंटेवर स्क्रूने बसवलेली. जुन्या लोखंडी दर्शनी भागावर एखादं स्तंभशीर्ष बोडकं दिसतं, त्याचं कारण हेच. पान तुटलेलं नसतं, स्क्रू गंजून गेलेला असतो.

ओतलेले नग घासून, कडा समतल करून, भोकं पाडून, कारखान्याच्या आवारात एकदा सगळा दर्शनी भाग तात्पुरता जोडून पाहायचा. प्रत्येक नगावर खूण घालायची. मग सुटा करून, प्राथमिक रंगाचा हात देऊन, गाड्यांवर घालून जागेवर न्यायचा. तिथे काम बोल्टचं. नगांच्या पाठीला आत वळलेल्या कडा असतात, त्या एकमेकींना लावून बोल्ट आवळायचे आणि बाहेरून सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. रंगाचा पहिला हात बहुधा जवसाच्या तेलातल्या शेंदराचा. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. गंज रोखण्यात तो फार गुणी, आणि विषारीही. या दुसऱ्या गुणाशी आजच्या दुरुस्तीवाल्यांना गाठ घ्यावी लागते.

हे सगळं कशासाठी, तर उजेडासाठी. न्यूयॉर्कचा नेहमीचा भूखंड २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. उजेड येणार तो पुढून आणि मागून. दगडी खांब जाड करावे लागतात, म्हणजे खिडकी अरुंद होते. बीड दाबाला फार कणखर, म्हणून खांब बारीक चालतो आणि काच मोठी बसते. माल दिसला तर खपतो. तळघरालाही उजेड हवा म्हणून पदपथात लोखंडी चौकटीत गोल काचा बसवत. थॅडियस हायट यांचं त्याबद्दलचं पेटंट १८४५ चं. सोहोत, म्हणजे हाउआउट आहे त्याच भागात, अजून त्यांच्यावरून चालता येतं.

हाउआउटमध्ये आणखी एक गोष्ट बसवली गेली, ती म्हणजे लिफ्ट. २३ मार्च १८५७ ला एलिशा ओटिस यांची प्रवासी लिफ्ट इथे सुरू झाली. तळघरातलं वाफेचं इंजिन, त्यावरून शाफ्ट आणि पट्टे, वेग मिनिटाला ४० फूट. इमारतीची उंची ७९ फूट, म्हणजे खालून पाचव्या मजल्यावर जायला दीड-दोन मिनिटं. ओटिस यांची कल्पकता वर ओढण्यात नव्हती, ती अडकवण्यात होती. दोर ताणलेला असेपर्यंत लिफ्टच्या छताजवळची कमानपट्टी, म्हणजे पट्टीची स्प्रिंग, दबलेली राहते. दोर तुटला की ती उसळून पसरते आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत रुततात. पाच मजल्यांना लिफ्टची निकड नव्हती. पण झुंबरं पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाला चौथ्या मजल्यावर नेणं दुकानदाराला हवं होतं.

आता बिडाच्या दुखण्यांकडे वळू. बिडात कार्बन तीन-चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. दाबलं तर पापुद्रे निमूट दबून राहतात. ताण दिला की प्रत्येक पापुद्रा म्हणजे आयती चीर. म्हणून बीड दाब सहन करतं त्याच्या कितीतरी कमी ताण सहन करतं, आणि मोडताना वाकत नाही, इशारा देत नाही. जाणकार म्हणून खांबाला बीड आणि तुळईला घडीव लोखंड किंवा लाकूड वापरत.

खांबाला बीड योग्य, पण पोकळ खांबाची खरी परीक्षा कोअरमध्ये असते. खांब आडवा ओतला तर वितळलेल्या जड बिडात हलका कोअर वर तरंगू पाहतो. त्याला आधार देणारे तुकडे कमी पडले की तो सरकतो. परिणामी खांबाची भिंत खालच्या अंगाला जाड, वरच्या अंगाला पातळ. बाहेरून खांब गोल, गुळगुळीत, निर्दोष. आत मात्र वजन मधोमध न बसता एका बाजूला बसतं, दुसऱ्या बाजूला ताण येतो, आणि ताण तर बिडाचा वैरी. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावची पेंबर्टन गिरणी १० जानेवारी १८६० ला कोसळली. आत शेकडो कामगार होते. ऐंशीहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांची सुटका चालू असताना दिव्याने आगही लागली. चौकशीत बोट गेलं ते याच दोषावर, खांबांच्या असमान भिंतींवर. खांबाच्या अंगावर समोरासमोर बारीक भोकं पाडून आतली जाडी मोजणं हे तेव्हाही जमण्यासारखं होतं. आजही जुन्या बिडाच्या खांबाची तपासणी करणारा अभियंता सगळ्यात आधी तेच करतो किंवा ध्वनिलहरींच्या यंत्राने जाडी मोजतो. उभा ओतलेला खांब यामुळेच अधिक विश्वासाचा.

दुसरं दुखणं आगीचं. बीड जळत नाही म्हणून या इमारती अग्निरोधक म्हणून विकल्या गेल्या. पण सोहोतल्या बहुतेक इमारतींचा चेहराच लोखंडी. बाजूच्या भिंती विटांच्या, आत मजले आणि तुळया लाकडाच्या. पेटलेल्या मजल्यात तापलेल्या खांबावर बंबाचं थंड पाणी पडलं की एक बाजू झटकन आकसते आणि खांब तडकतो. न्यूयॉर्कचा क्रिस्टल पॅलेस लोखंडाचा आणि काचेचा होता. ओटिस यांनी आपली सुरक्षित लिफ्ट लोकांना दाखवली ती तिथेच. ५ ऑक्टोबर १८५८ ला तो अर्ध्या तासाच्या आत जमीनदोस्त झाला. १८७१ मध्ये शिकागो आणि १८७२ मध्ये बॉस्टन जळाल्यावर उघड्या बिडावरचा भरवसा उडाला. पुढे खांबांना विटांचं किंवा भाजक्या मातीचं आवरण घालू लागले, आणि मग पोलाद आलंच.

चेहरा आणि सांगाडा यांतला हा फरक पाहायला मुंबईकराला दूर जावं लागत नाही. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल, १८६७ ते १८६९ या काळात उभी राहिली. रोलंड मेसन ऑर्डिश यांची रचना, लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार झालेले, जहाजाने आलेले, इथे जोडलेले. तिथे लोखंड दर्शनी अंगरखा नाही. सगळा भार लोखंडी सांगाड्यावर आणि विटा केवळ मधल्या जागा भरायला. रचनेच्या धाडसात ती हाउआउटच्या पुढे आहे असं माझं ठाम मत आहे. २००५ मध्ये तिच्या दर्शनी सज्जाचा काही भाग कोसळला. दर पावसाळ्यात पाणी सांध्यात शिरू दिलं तर सांगाडा कितीही पुढारलेला असो, काय होणार?

कारण लोखंडी इमारत सांध्यातून मरते. लांबी कालांतराने वाळून तडकते. फटीतून पाणी पाठीमागे जातं, तिथे रंग पोचलेला नसतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. म्हणून तो दोन नगांच्या मध्ये पाचरीसारखा फुगतो, कडा फोडतो, बोल्ट तोडतो. याहून फसवा प्रकार वेगळाच आहे. बीड दीर्घकाळ ओलीत राहिलं की लोखंड झिजून जातं आणि ग्राफाइट आणि गंज यांचा सांगाडा मागे उरतो. नक्षी जशीच्या तशी दिसते, रंगही शाबूत असतो. पण चाकूचं टोक लावलं तर आत जातं.

तपासणीला म्हणून छोटी हातोडी, चाकू आणि चुंबक एवढं तरी हवंच. चुंबक यासाठी की वरचे कॉर्निस कित्येकदा जस्ताचे असतात आणि दुरुस्तीत घातलेले तुकडे ॲल्युमिनियमचे किंवा फायबरग्लासचे. हातोडीने हलकं ठोकलं की धड बीड खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. बघायला वरून सुरुवात करावी, कारण पाणी वरून येतं. छताचं पन्हाळं, कॉर्निसची माथ्याची बाजू, खिडक्यांचे उंबरे. खाली गंजाचे ओघळ दिसले की त्यांचा उगम शोधल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. नवा रंग ओघळ झाकतो आणि आतल्या कामाला दोन-तीन वर्षं अधिक मिळतात, गंजाच्या कामाला.

सफाईत घाई नडते. किरकोळ गंज तारेच्या ब्रशने आणि खरवडणीने निघतो. थर जाड असेल तर कोरडा बारीक खडा कमी दाबाने मारतात, दर चौरस इंचाला ८० ते १०० पौंडांच्या आसपास, आणि आधी काचा आणि शेजारची वीट झाकून घेतात. पाण्याचा फवारा मारू नये. तो फटीतून पाठीमागे जातो आणि आपण ज्याला हाकलायला आलो त्यालाच आत बसवतो. जुन्या थरांत शिसं असणार हे धरूनच धूळ कोंडण्याची आणि गोळा करण्याची व्यवस्था हवी. उघडं झालेलं बीड काही तासांत तांबूस होऊ लागतं. त्यामुळे जेवढं आज रंगवून होईल तेवढंच आज उघडं करावं आणि प्रायमर त्याच दिवशी लावावा. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, निदान तीन अंश सेल्सिअस वर असावं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. सांधे आजकाल लवचीक सीलंटने भरतात, मागे फोमची दोरी ठेवून. मात्र पाणी बाहेर पडायला मुळात ठेवलेली बारीक भोकं बुजवायची नाहीत. नेटक्या कामाच्या हौसेने नेमकी तीच बुजवली जातात.

तडकलेल्या बिडाला वेल्डिंग करायची हाक सगळीकडे येते. ती सहसा टाळावी. उष्णता एका ठिकाणी, बाकी नग थंड, आणि बीड ठिसूळ. थंड होताना वेल्डच्या शेजारी नवी चीर पडते. तड्याच्या आरपार धातूचे टाके घालणं किंवा मागून पट्टी लावून बोल्ट आवळणं बरं. नवा नग ओतायचा तर जुन्या नगाचाच साचा घेण्याचा मोह होतो. तीन फुटांचा नग त्यात तीन अष्टमांश इंचाने लहान येतो, कारण बीड पुन्हा एकदा आकसतं. एका पानाला हे चालून जाईल, पण कमानीच्या तुकड्याला नाही. तिथे नवा पॅटर्नच हवा. ॲल्युमिनियम हलकं आणि ओतायला सोपं, पण बिडाला टेकलं आणि पावसाने भिजलं की तेच आधी झिजतं, म्हणून मध्ये रबरी पट्टी लागते. फायबरग्लास जळतो आणि उन्हात वेगळ्या मापाने फुगतो. माणसाच्या हाताला लागेल अशा उंचीवर बिडाला बीडच द्यावं, या मताचा मी आहे.

हाउआउटला हा खर्च मिळाला. तिच्या दर्शनी भागाचं काम १९९५ मध्ये झालं. पण त्याआधी ती वाचायला हवी होती. शहराचे बडे नियोजक रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेतला खालच्या मॅनहॅटनवरून जाणारा द्रुतगती मार्ग ब्रूम स्ट्रीटवरूनच जाणार होता. तो १९६९ मध्ये रद्द झाला. पुढच्या वर्षी मार्गोट गेल यांनी बिडाच्या वास्तूंसाठी संस्था काढली आणि लोकांच्या हाती छोटे चुंबक दिले, दगड वाटणाऱ्या भिंतींना लावून बघायला. १९७३ मध्ये सोहोचा सव्वीस चौकांचा भाग वारसा म्हणून घोषित झाला. त्यात ग्रीन स्ट्रीटवरच्या आयझॅक डकवर्थ यांच्या दोन इमारती आहेत. लोक त्यांना राजा आणि राणी म्हणतात. गेनर यांचं नाव मात्र या एका इमारतीबाहेर फारसं निघत नाही. त्यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत अवाढव्य पॅलेस हॉटेल उभं केलं, ते १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेलं.

जेम्स बोगार्डस यांचं नशीब आणखी निराळं. बॅजर यांचे हे प्रतिस्पर्धी. १८५० मध्ये लोखंडी इमारतींचं पेटंट त्यांनी घेतलं होतं. अशी इमारत सुटी करावी, हलवावी, दुसरीकडे जशीच्या तशी जोडावी, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. वॉशिंग्टन आणि मरे स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची त्यांची १८४९ ची लेंग स्टोअर्स १९७१ मध्ये खरोखरच अशी सुटी केली गेली. त्या भागाच्या पुनर्विकासात ती पुन्हा जोडायची होती. नग क्रमाने उतरवले, मोकळ्या जागेवर कुंपणात रचून ठेवले. बोगार्डस यांचा शब्द सव्वाशे वर्षांनी तंतोतंत खरा ठरला होता. १९७४ मध्ये चोरट्यांनी त्यातले बहुतेक नग फोडून भंगारात विकले. उरलेले शहराने एका इमारतीत हलवले. १९७७ मध्ये पाहायला गेले, तेव्हा तेही तिथे नव्हते.